टेकडीवरचा खड्डा

प्रगत कलनशास्त्र शिकवताना मी आधी पोरांना हातानं गणित करायला लावतो, मग संगणकावर आकृती उघडतो. आधी डोळ्यांवर विसंबलं की डोकं आळशी होतं, हे माझं जुनं तुणतुणं. पहिलं उदाहरण ठरलेलं: दहातून एक्सचा वर्ग आणि वायचा वर्ग वजा करा. पडद्यावर गुळगुळीत टेकडी उभी राहते. माउसनं ती हवी तशी फिरवता येते.

या सत्रात टेकडीच्या उतारावर खड्डा निघाला. एक्स एक, वाय दोन, बरोब्बर तिथे.

समीकरण तपासलं, काही चुकलं नव्हतं. दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, तरी खड्डा होताच. तळाशी उंची वजा तीन. माझी मती गुंग झाली. वर्गानं मात्र मुकाट्यानं तो वहीत उतरवून घेतला.

तास संपल्यावर एकच मुलगी थांबली. दोनदा नापास झालेली. हा शेवटचा प्रयत्न, नाहीतर नाव कटणार. वर्ग तिला ‘तिसरी घंटा’ म्हणायचा आणि तीही हसून ओ द्यायची.

“सर, हातानं केलं तर पाच येतं. परीक्षेत काय लिहू?”

“पाच. चित्र चुकेल. दहा वजा एक वजा चार कसं चुकेल?” मी छातीठोकपणे सांगितलं.

तिनं पाच लिहिलं. दोन गुणांनी नापास झाली.

उत्तरपत्रिका घेऊन मी तावातावानं विभागप्रमुख मॅडमकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“अहो, वजा तीनच येतं की. पाच कुठून काढलंत?”

“दहातून एक गेला, नऊ. नवातून चार...”

“वजा तीन,” त्या हळूच म्हणाल्या. “थोडी रजा घ्या. बरं नाहीसं दिसतंय तुम्हाला.”

इतकी वर्षं शिकवतोय, आणि नवातून चार गेल्यावर किती उरतात याची मलाच खात्री वाटेना.

मुलगी प्रयोगशाळेत एकटीच बसली होती. मी समोर बसलो. माझ्यामुळे पोरीचं वाटोळं झालं होतं.

“बोटांवर करून बघू या, सर.”

तिनं दहाही बोटं टेबलावर पसरली. एक मिटलं.

मग चार.

मी नीट बघत होतो. चारच मिटली.

दोन्ही मुठी बंद होत्या.

“अजून तीन लागतील,” ती म्हणाली आणि तिनं माझा हात जवळ ओढला.