एक पांढरा, एक पिवळा

गेवराईच्या बायपासवर सुग्रीवचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तिथं हॉर्न, वायपर आणि सल्ला मिळतो. पैकी सल्ल्याचा माल कधी संपत नाही. रुद्राणी शेटे त्या संध्याकाळी तिथं प्रेमात पडायला गेली नव्हती. तिला हेडलाइटचे बल्ब हवे होते.

ती जनावरांची डॉक्टर. नोकरी चकलांब्याच्या दवाखान्यात, मुक्काम गेवराईत आई-वडिलांकडं, आणि या दोन्हींच्या मध्ये तिची जुनी ऑल्टो. ऊसतोडीचा हंगाम लागला की त्या रस्त्यावर ट्रॉल्या सुरू होतात. ट्रॉलीला मागून दिवा लावणं आपल्याकडं भित्रेपणाचं समजतात. आदल्या दिवशी अशीच एक ट्रॉली रुद्राणीला दिसली, तेव्हा उसाचे शेंडे काचेला टेकायचेच बाकी होते.

"एलईडी टाका मॅडम," सुग्रीव म्हणाला. "रस्त्यात दिवस उगवतो."

"समोरच्याचा मावळतो, त्याचं काय?"

"मग शंभर वॅटचे घ्या."

"होल्डर वितळतो."

"सगळंच माहीत हाय, तर मला कावून विचारायलात?"

"विचारलं कुठं? मागितलं. वॅट कंपनीएवढेच, उजेड जास्त, अन् जरासा पांढरा."

सुग्रीवनं पडल्या चेहऱ्यानं फळीवरचं एक खोकं खाली घेतलं. जोडीचं, आणि शेवटचं. रुद्राणीनं हात पुढं केला… आणि त्याच खोक्यावर दुसऱ्या बाजूनं आणखी एक हात येऊन थांबला. धुळीनं भरलेला, पण नखं कापलेला. जनावरांच्या डॉक्टरला आधी नखं दिसतात. चेहरा मागाहून.

चेहराही बरा होता.

"ही जोडी मी फोनवर सांगून ठेवलती," चेहरा म्हणाला.

"मी समोर उभी आहे."

"ते दिसायलंय."

हा विजयसिंह. चकलांब्याचे पुढारी गहिनीनाथराव यांचा मुलगा. गहिनीनाथरावांच्या बोलेरोला त्यानं दिवाळीत एलईडी बसवले होते, कारण विरोधकाच्या गाडीला तसे होते. पहिल्याच आठवड्यात त्या प्रकाशानं दिपून काही दुचाकीस्वार रस्त्याकडेच्या चारीत गेले. चौकशी करता सगळे आपलेच मतदार निघाले. गहिनीनाथरावांनी तातडीनं मध्यम उजेडाचं धोरण जाहीर केलं.

त्याच्या तोंडून हे ऐकून रुद्राणी हसली. नको तिथं हसायची तिची सवय होती. विजयसिंह तिच्या हसण्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिला आणि मग त्यानं घोटाळा केला. तो म्हणाला, "घ्या, तुमीच घ्या."

भांडण चालू राहिलं असतं तर कुणीतरी जिंकलं असतं. पण आपल्या भागात एकदा 'तुमीच घ्या' सुरू झालं की देवालाही आवरत नाही.

"नको नको, तुम्ही फोन केला होता ना."

"फोनचं काय… तुमाला जनावरं बघायला जावं लागतं."

"तुमच्याकडं मतदार आहेत."

"मतदार चारीतून निघतेत. तुमी गेल्यावर कोण काढंल?"

"म्हणजे मी चारीत जाणार, असं म्हणायचंय?"

"न्हाई हो! उलट… म्हणजे… तुमी घ्याच."

खोकं इकडून तिकडं सरकत राहिलं. मागं दोन ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायला लागले. शेवटी सुग्रीवनं खोकं हिसकलं, पाना उचलला आणि कुणालाही न विचारता एक बल्ब ऑल्टोला, एक बोलेरोला बसवला. शेजारी दोन्हीकडं जुना पिवळाच ठेवला.

"नवा माल आला की जोड पुरा करतो," तो म्हणाला. "तवर एकेक डोळ्यानं बघा."

*

शहरात गाडी नंबरवरून ओळखतात. चकलांब्याच्या शिवारात ती दिव्यांवरून ओळखतात. दिवस बुडताना फाट्यावर बसलेली माणसं लांबूनच सांगतात : हा तिरका दिवा दूधवाल्याचा, हा लुकलुकता सोसायटीच्या चेअरमनचा. एक पांढरा, एक पिवळा म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस नवलानं बघितलं आणि ती डॉक्टरची गाडी अशी नोंद मनात करून टाकली. मग कुणीतरी सांगितलं, ती बोलेरो आहे. मग दोन्हींची सरमिसळ झाली.

परिणाम असा की सटवा नावाच्या शेतकऱ्यानं हात करून बोलेरो थांबवली आणि विजयसिंहाचा हात धरून त्याला फुगलेल्या म्हशीपुढं उभं केलं.

रुद्राणीचा फोन वाजला. "डॉक्टर, मी अर्धी जोडी बोलतोय."

"कोण?"

"विजयसिंह. म्हैस फुगलीय. हे म्हणतेत, आला तसं काहीतरी करून जा."

"डाव्या कुशीवर टिचकी मारा. ढोलासारखं वाजतंय?"

"लई. लग्नातल्यासारखं."

"गोडं तेल पाजा. हळूहळू, ठसका लागू देऊ नका."

"कुणाला? सटवालाबी?"

"म्हशीला! अन् पुढचे पाय उंचावर घेऊन उभी करा. मी निघालेच."

ती पोचली तेव्हा म्हैस शांत होती. विजयसिंह कोपरापर्यंत तेलकट होता आणि सटवा त्याला चहा देताना 'डॉक्टरसाहेब' म्हणत होता. रुद्राणीनं म्हैस तपासली, पुढचं औषध पाजलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "हात चांगला आहे तुमचा."

विजयसिंह कानापर्यंत लाल झाला. गहिनीनाथरावांच्या घराण्यात असं लाल व्हायची पद्धत नव्हती.

उलटही होऊ लागलं. ऑल्टो थांबवून लोक घरकुलाचे अर्ज तिच्या मांडीवर ठेवू लागले. केशरबाई नावाच्या म्हातारीला रुद्राणीनं सांगून पाहिलं, "मावशी, मी गाई-म्हशींची डॉक्टर आहे." केशरबाई म्हणाली, "असूं दे गं. आमचंबी गोठ्यातच चाललंय." मग रुद्राणी विजयसिंहाला फोन करायची. अर्जाचं बोलणं लवकर संपायचं. फोन चालूच राहायचा. समोरासमोर गाड्या आल्या की दोघंही लांबूनच डिपर द्यायचे. काचा खाली व्हायच्या, मधून धूळ जायची, आणि ती बसेपर्यंत दोघं एकमेकांकडं बघत थांबायचे… धुळीच्या निमित्तानं.

सुग्रीवचा नवा माल आला. त्यानं दोघांनाही फोन केला. रुद्राणी म्हणाली, वेळ नाही. विजयसिंह म्हणाला, वडील, म्हणजे बापू, गाडी सोडत नाहीत. दोघंही धडधडीत खोटं बोलत होते आणि हे सुग्रीवलाही कळत होतं.

*

रुद्राणीचे वडील महारुद्रअप्पा शेटे यांचं भांड्यांचं दुकान आहे. विम्याचं काम करणारा सोमनाथ एके दिवशी तिथं आला, तांब्या न घेता बसला आणि आवाज खाली करून म्हणाला, "अप्पा, बोलू नये, पण पोरीची गाडी रोज सांजच्याला गहिनीनाथरावांच्या वाड्यापुढं असती. दिवे चालू ठेवून. मी स्वतः बघितली."

लातूरचं एक स्थळ रविवारी रुद्राणीला बघायला येणार होतं. मुलगा बँकेत, लिंगायत, शिवाय एकुलता. अप्पांनी दुकान लवकर बंद केलं.

रुद्राणी घरी आली तर बैठकीत आई-वडील बसलेले आणि समोर विजयसिंह, सतरंजीच्या कडेला, परीक्षेला बसल्यासारखा. अप्पांनी त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं. घर शांत. चहा कुणीच घेतला नव्हता, यावरून प्रकरणाचं गांभीर्य कळत होतं.

"हिच्या देखत विचारतो," अप्पा म्हणाले. "गाडी तुमच्या दारात उभी असती का न्हाई?"

"असती," विजयसिंह म्हणाला.

रुद्राणीच्या आईनं, बसम्मांनी, पदर तोंडाला लावला.

"माझीच असती," तो घाईनं म्हणाला. "बोलेरो. सांजच्याला लाइट जाती, अन् बापूंना भेटायला माणसं येतेत. मग मी गाडीचे दिवे लावून ठेवतो. रस्त्यावरून जाणाऱ्याचे डोळे दिपतेत, गाडी दिसत न्हाई. दिवे तेवढे दिसतेत." आणि त्यानं बल्बची सगळी हकीकत सांगितली. 'तुमीच घ्या'सकट.

अप्पांचा चेहरा हळूहळू सैल झाला. ते व्यापारी माणूस. गैरसमज मिटला की माल परत मिळाल्याचा आनंद व्हायचा त्यांना.

"म्हंजे तसलं काही न्हाईच! कप भर गं बसम्मा. सोमनाथ्याला उद्या दाखवतो. रुद्राणी, उद्या सकाळी पहिलं ते दिवे बदलून घे बाई. रविवारी लातूरची माणसं येतेत, त्यांच्या कानावर असलं जायला नको. सांग बरं तुझ्या तोंडानं, ती गाडी तुझी नव्हती."

एवढंच म्हणायचं होतं. आणि ते खरंही होतं. म्हटलं की नाव स्वच्छ, रविवारी पोहे, पुढं लातूर. विजयसिंह सतरंजीकडं बघत होता. त्याच्या बाजूनंही सगळं खरंच होतं, आणि त्यानं ते इतकं व्यवस्थित सांगितलं होतं की रुद्राणीला त्याचा रागच आला.

"ती गाडी माझी नव्हती," ती म्हणाली.

"झालं तर!"

"माझी असती तर बरं झालं असतं."

बसम्मांच्या हातातली किटली तिरकी राहिली आणि चहा कप सोडून बशीत जाऊ लागला. विजयसिंहानं मान वर केली.

"काय म्हणलीस?" अप्पांनी विचारलं.

"तिथं गाडी उभी करावी असं रोज वाटतं, अप्पा. फाट्यावरून मी रोज सरळ निघून येते. सोमनाथकाकांनी जे बघितलं ते झालं नाही, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?"

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग विजयसिंहाकडं वळले. "तुमाला हे ठाऊक होतं?"

"न्हाई," तो म्हणाला. "मला वाटलतं फक्त मलाच…"

"आमी लिंगायत माणसं. तुमच्यात मटण चालतं."

"सोडलं."

"कवा?"

"आत्ता."

हसायला नको म्हणून बसम्मा बशी पुसत बसल्या. अप्पांच्या मिशा दोनदा हलल्या, पण ते ठाम राहिले. "मी हो म्हणलेलो न्हाई. गहिनीनाथरावांशी बोलल्याबिगर मी काहीच म्हणणार न्हाई." मग खिशातून मोबाइल काढून दाराकडं जाता जाता म्हणाले, "लातूरवाल्यांना काय सांगू? काहीतरी सुचवा की कुणी."

"सांगा, पोरगी कामात हाय," बसम्मा म्हणाल्या.

रुद्राणी विजयसिंहाला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. दिवस नुकताच मावळला होता. बाजूच्या रसवंतीतला चरक थांबला होता, पण उसाचा गोडसर वास हवेत तसाच होता. तो बोलेरोचं दार उघडून उभा राहिला. चढेना.

"खरंच उभी केली असती गाडी?" त्यानं विचारलं.

"दारात जागा आहे का?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "ट्रॅक्टर असतो तिथं. हलवावा लागंल."

"मग हलवा," रुद्राणी म्हणाली.