'आई'साठी एकच शब्द

भाऊजींनी मास्तरांची पिशवी भर वर्गात बाकावर उपडी केली. डबा, रुमाल, खडूचे तुकडे. चित्र नव्हतं.

"कुठेतरी दडवलंय," भाऊजी म्हणाले.

विद्यार्थी माना खाली घालून बसले होते. मागच्या बाकापाशी मंडळाच्या अध्यक्षबाई उभ्या होत्या. मास्तर एकेक वस्तू मुकाट्याने परत भरत होते.

"भाऊजी, बाहेर या बघू," वहिनींनी दारातून हाक मारली. वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. धाकटे दीर त्यांना मदत करत, निदान त्यांचा तसा समज होता.

हे मंडळ एक नवी, मुद्दाम रचलेली भाषा शिकवत असे. नवशिक्यांचा गोंधळ उडू नये म्हणून रोजच्या प्रत्येक गोष्टीला एकच शब्द ठरवायचा आणि चित्रांचा संच छापायचा, असं काम चाललं होतं. शेवटचा वाद 'आई'वर अडला. जुना शब्द 'लुमा', नियमात बसणारा 'नेरा'. काल मतदानात 'नेरा' ठरला. आज छपाईवाला दारात आला, तर कपाटातून नेमकं 'आई'चंच चित्र गायब! 'लुमा'साठी मास्तर हातघाईवर आले होते, त्यामुळे सगळ्यांची नजर त्यांच्याकडे वळली.

वहिनी भाऊजींना घेऊन आधी अध्यक्षबाईंच्या खोलीत गेल्या. ही भाषा बाईंच्या आईवडिलांनीच रचलेली.

"काय सांगू," बाई म्हणाल्या. "चष्मा कपाळावर चढवून हसणारी बाई. इतकं गोड चित्र कुणाला नकोसं झालं असेल?"

"मास्तरांना?"

बाईंनी टेबलावरची पर्स मांडीवर घेतली.

चित्रकार रंगाने माखलेले हात पुसत आला. "जुनं चित्र बाळ घेतलेल्या बाईचं होतं. शब्द बदलला, म्हणून काल घरी नवं काढलं. सकाळी आल्या आल्या कपाटात ठेवलं. कुणाला दाखवायलाही वेळ मिळाला नाही."

मास्तर एवढंच म्हणाले, "मी भांडलो, ते तोंडावर. चोरी कशाला करू?"

"सगळे असंच म्हणतात," भाऊजी पुटपुटले.

वहिनींनी सगळ्यांना अध्यक्षबाईंच्या खोलीत बोलावलं.

"चित्रकारबुवा, बाळ घेतलेल्या बाईला चष्मा होता?"

"छे! चष्मा फक्त नव्या चित्रात. बाईंच्या आईंचा चेहरा आठवून काढलं होतं."

"आणि ते तुमच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. मग कपाळावरचा चष्मा कुणाला ठाऊक असणार? ज्याने कपाट उघडलं, त्यालाच. मला तो अध्यक्षबाईंनी सांगितला."

भाऊजींचे कान गरम झाले. ते वाक्य त्यांनीही ऐकलं होतं.

बाईंनी पर्स उघडली आणि चित्र टेबलावर ठेवलं.

"लुमा हा माझाच लहानपणचा बोबडा बोल," त्या म्हणाल्या. "आईने तो भाषेत घेतला. आणि काल मीच त्याच्याविरुद्ध हात वर केला. सकाळी सहज बघायला गेले, तर आई माझ्याकडे बघून हसत होती आणि खाली परका शब्द. मला बघवेना."

"मास्तरांची झडती झाली तेव्हा तुम्ही तिथेच होतात," वहिनी म्हणाल्या.

"तोंडच उघडेना हो."

"माफी वर्गात मागा," मास्तर म्हणाले. "झडती वर्गात झाली."

बाई वर्गात फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि अडखळल्या. वर्गात नवीच भाषा बोलायची असा मंडळाचा नियम, आणि विद्यार्थ्यांना तिच्यातली 'माफी' अजून शिकवलेलीच नव्हती. सुरुवातीला जड जाईल, म्हणून बाईंनीच तो शब्द वगळला होता. शेवटी त्यांनी पोरांना कळेल तेवढंच सांगितलं. "मी घेतलं. मास्तरांनी नाही."

 भाऊजी दाराशी घुटमळले, मग मास्तरांजवळ गेले.

"मास्तर, मलाही बोलायचंय. तुमच्या भाषेत माफीला काय म्हणतात?"

 मास्तरांनी खडू घेऊन तो शब्द फळ्यावर लिहिला आणि ते म्हणाले, "बसा. सगळ्यांबरोबर म्हणा."

भाऊजी पोरांच्या बाकावर अंग चोरून बसले. अध्यक्षबाई त्यांच्या शेजारी.