निळ्या माशांचं कुलूप

“बाबा, इथे आजवर कोणी बसलंय का हो?”

प्रश्न विचारला भिंगरीनं, पण पैज तिघांची होती. तिचे दोस्त लंबू आणि शंकासुर दाराआड तोंड दाबून उभे होते. पाहुण्यांसमोर हे विचारून दाखवायचं, मग सुट्टीभर झोक्यावर पहिला नंबर भिंगरीचा. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी वर्गात हात वर करायलाही घाबरायची. यंदा तिला वाचा फुटली होती आणि ती काही केल्या आवरत नव्हती.

बाबा टाइलच्या कारखान्याचे व्यवस्थापक, आणि ‘इथे’ म्हणजे फाटकाजवळच्या चार संडासांत. आता लगेच नाक मुरडू नका. तळापासून छतापर्यंत निळ्या टाइल, आणि प्रत्येकीवर भिंगरीच्या आईनं रंगवलेला मासा! वरच्या झरोक्यातून ऊन उतरलं की भिंतीवर पाणी हलल्यासारखं वाटे आणि मासे हळूच पोहायला लागत. अख्ख्या कारखान्यात इतकी देखणी जागा दुसरी नव्हती. गिऱ्हाईक आलं की बाबा कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून दारं उघडत, गिऱ्हाईक ‘वा वा’ म्हणे, आणि दारांना पुन्हा कुलूप.

आजच्या पाहुण्या होत्या इमारती बांधणाऱ्या एक बाई. त्यांना हसू आलं.

“मुलगी बरोबर विचारतेय. कोणी वापरलेच नसतील, तर रोजच्या घासण्याला ही झिलई टिकते हे तुम्हाला तरी कसं कळलं?”

“हे नमुन्याचे आहेत, बाई. वापरायचे नाहीत,” बाबा म्हणाले.

“मग वापरायचे कुठे आहेत?” भिंगरीनं विचारलं. हा प्रश्न पैजेत नव्हता. तो आपला आपणच बाहेर पडला.

बाई म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात येते. तोवर मला उत्तर शोधून ठेवा.” आणि त्या गेल्या.

बाबांचा राग कुठेतरी निघायला हवाच होता. तो निघाला पेंगुळ्यावर. भिंगरीचा हा धाकटा भाऊ टाइल बांधायच्या पेंढ्यात हातपाय पसरून झोपला होता.

“सूर्य डोक्यावर आला आणि हा ढाराढूर! सुट्टी संपली की याला निवासी शाळेत टाकतो. तिथे पहाटे उठवून पळवतात. आळस कसा उतरतो बघा.”

पेंगुळ्यानं डोळे किलकिले केले, बाबांकडे पाहून गोड हसला आणि कूस बदलली.

भिंगरी मात्र वाकून त्याच्याकडे बघत होती. हाच पोरगा पूर्वी पळण्यात लंबूलाही मागे टाकायचा. त्याचे गाल हे असे मेणासारखे कधी झाले?

संध्याकाळी ओट्यावर तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. आकाश वितळल्यासारखं दिसत होतं.

“ताई, मला परत माशांचं स्वप्न पडलं.”

“काय म्हणाले मासे?”

“म्हणाले, आत ये, इथे गार पाणी आहे. मी पोहत पोहत गेलो. पण दार बंद होतं.” बोलता बोलता तो एका पायानं दुसऱ्या पायाचा तळवा खाजवत होता. त्याच्या ओठाच्या कडेला काहीतरी तांबूस लागलं होतं.

“माती खाल्लीस?”

“थोडीशीच. बिस्किटासारखी लागते.”

दुसऱ्या दिवशी झोक्यावर तिघांची बैठक बसली. शंकासुर ही मुलगी. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी ‘कशावरून?’ विचारणारी. ती म्हणाली, “हा आळस नाही. आळस असा चढत जात नसतो. माझा बघा, जन्मापासून तेवढाच आहे.”

“भट्टीवाल्या काकांची जुळी पण अशीच पेंगतात,” लंबू म्हणाला. “दोघं एकमेकांना टेकून. पुस्तकं ठेवतात ना कपाटात, तशी.”

“मग पाठलाग करायचा,” भिंगरीनं ठरवून टाकलं. “ही पोरं दिवसभर जातात कुठे, करतात काय, सगळं बघायचं.”

पेंगुळ्याचा पाठलाग करणं म्हणजे ढगाचा पाठलाग करणं. तो चार पावलं चाले, थांबे, फुलपाखराशी बोले, पुन्हा चाले. भट्टीमागून, फुटक्या टाइलच्या ढिगाऱ्यावरून तो निघाला आणि बांबूच्या बनात शिरला. तिघं मागोमाग.

आत गेल्यावर त्यांची बडबडच थांबली. उजेड हिरवा झाला होता. वारा वर कुठेतरी बांबूंतून शीळ घालत होता, आणि खाली जमीन अशी मऊ, गार, ओली की चप्पल आपोआप काढावीशी वाटावी. मध्ये मोकळ्या जागेत मुलांनी मातीचं एक गाव वसवलं होतं. बोटाएवढी घरं, काडीचे पूल, फुटक्या टाइलची तळी. जुळी भावंडं वेशीवर अनवाणी बसून पेंगत होती. पेंगुळ्या गुडघ्यांवर बसला आणि अगदी हलक्या हातानं एका घराला खिडकी पाडू लागला.

“किती छान आहे इथे,” शंकासुर कुजबुजली. तिनं पहिल्यांदाच ‘कशावरून’ विचारलं नाही.

“छान?” मागून लंबूचा आवाज आला. तो एका पायावर बगळ्यासारखा उभा होता. “माझा पाय कशात पडलाय ते बघ आधी.”

तेवढ्यात पलीकडून पाण्याचा डबा घेऊन भट्टीवाले काका बाहेर आले. मुलांना पाहून त्यांनी डबा पाठीमागे लपवला.

“काका, तुम्ही इकडे?” भिंगरीनं विचारलं.

“मग कुठे जाऊ, पोरी? सगळे इकडेच येतात.” त्यांनी फाटकाकडे मान वळवली. “तिकडे मासे राहतात.”

काका गेले. लंबू बुटाचा तळ पाल्यावर घासत बसला. भिंगरी मात्र त्या हिरव्या उजेडात उभी राहून बघत होती: काका आले ती वाट, तिच्या उताराला ओल, आणि ओलीत मातीचं गाव. पेंगुळ्याचे तळवे. जुळ्यांचे तळवे. बारीक लाल पुरळ, सगळ्यांचा सारखाच.

ती धावत सुटली ती थेट आईपाशी. आई टाइलवरच्या माशाला खवले काढत होती. भिंगरीचं ऐकता ऐकता तिनं ब्रश पाण्यात बुडवला आणि म्हणाली, “चप्पल घाल त्याला. दवाखान्यात जाऊ.”

डॉक्टरीणबाईंनी पेंगुळ्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत गुलाबी असायला हवं तिथे पांढुरकं होतं. मग त्यांनी एक डबी दिली आणि सकाळची शी आणायला सांगितली. ती डबी दुसऱ्या दिवशी कोणी धरायची यावरून बरंच रामायण झालं. शेवटी लंबूनं ती झाडूच्या काठीला बांधून आणली आणि रस्त्यानं लोकांनी त्याला वाट करून दिली.

“बघायचंय?” सूक्ष्मदर्शकातून मान वर करत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

पेंगुळ्याला स्टुलावर उभं केलं. तो बराच वेळ बघत राहिला. “होड्या आहेत,” तो म्हणाला. “काचेच्या. आत कोणीतरी झोपलंय.”

“होड्या नाहीत रे राजा, अंडी. अंकुशकृमीची. हे कृमी तुझ्या आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणून तू दमतोस, म्हणून तुला माती खावीशी वाटते.” मग त्या आईकडे वळल्या. “पोरगा आळशी नाही. त्याचं रक्त चोरीला जातंय.”

“चोर आत शिरला कुठून?” भिंगरीनं विचारलं.

“तळव्यातून. शौचातली अंडी ओल्या, सावलीतल्या मातीत पडतात. त्यातून पिल्लं निघतात, केसापेक्षा बारीक. अनवाणी पाय पडला की कातडीतून आत. मी जंताची गोळी देते, रक्त वाढायच्या गोळ्या देते, जुळ्यांनाही घेऊन या. पण मुलं त्याच मातीत पुन्हा गेली आणि मोठी माणसंही तिथेच जात राहिली, तर चोर पुन्हा येणार. गोळीनं चोर पळतो, दार बंद होत नाही.”

भिंगरीनं बांबूचं बन, संडासांची कुलपं, सगळं सांगितलं. “आमच्याकडे उलटं आहे,” ती म्हणाली. “दार बंद आहे म्हणूनच चोर येतो.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. “तुला हे बांबूच्या बनात सुचलं? मला तपासण्या करून सुचतं.”

रात्री जेवताना आईनं सगळं सांगितलं. बाबांनी पेंगुळ्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्यांचे डोळेही पाणावले, पण माणूस हट्टी. “गोळी मिळाली ना? झालं तर. संडास उघडले तर चार दिवसांत वाट लागेल, मग गिऱ्हाइकाला काय दाखवू? आणि निवासी शाळेत ही माती नाही. म्हणजे तिकडेच पाठवलेलं बरं.”

भिंगरीचा घास हातातच राहिला. खटला जिंकलाय असं वाटत असताना निकाल उलटाच लागला होता.

“ताई, तिथे मासे असतात?” पेंगुळ्यानं अंधारात विचारलं.

“नसतात,” ती म्हणाली. “आणि तू जाणारही नाहीस. उद्यापासून पाणी भरपूर पी आणि मी सांगते ते ऐक.”

आठवडा उलटला. इमारतवाल्या बाई आल्या. बाबा जुडगा खुळखुळवत फाटकाजवळ पोहोचले आणि बघतात तर काय, निळ्या दारांसमोर रांग! सगळ्यांत पुढे पेंगुळ्या, मागे जुळी, त्यामागे शंकासुर, पायावर पाय दाबून उभे. लंबूच्या हातात ब्रश आणि साबण.

“हे काय चाललंय?” बाबा गरजले.

“दाखवा ना आधी,” बाई म्हणाल्या. बाबांनी नाइलाजानं कुलूप काढलं. दार फटभर उघडलं मात्र, पेंगुळ्या बाणासारखा आत घुसला आणि आतून कडी!

बाबा बघतच राहिले. कडीमुळे नाही. पोरगा *पळाला* होता.

“बाहेर ये!” मग त्यांना ओरडायचं आठवलं.

“थांबा ना, बाबा,” आतून स्वप्नाळू आवाज आला. “मासे पोहतायत.”

सगळे थांबले. इमारतवाल्या बाईसुद्धा. आत पाण्याचा आवाज झाला, दार उघडलं, पेंगुळ्यानं बाहेरच्या नळावर साबण लावून हात चोळचोळून धुतले. मग लंबूनं आत शिरून ब्रशनं खसाखसा घासलं. ओल्या भिंतीवर ऊन पडलं आणि मासे आधीपेक्षा जास्त चमकले.

बाईंनी टाइलवरून बोट फिरवलं. “हे उत्तर मला पटलं. पण एका दिवसाचं नको. दोन महिने रोज वापरा, रोज घासा. तेव्हाही अशाच राहिल्या तर माझ्या सगळ्या इमारतींना याच लागतील.” मग भिंगरीकडे बघून म्हणाल्या, “तुमची ही मुलगी कामावर ठेवायच्या लायकीची आहे.”

त्या रात्री बाबा ताटासमोर बसले. मग त्यांनी जुडगा काढून जमिनीवर ठेवला.

“उघडतो. पेंगुळ्याही घरीच राहील. मीच चुकलो, पोराला आळशी म्हणालो. पण एक सांगा, रोज धुणार कोण? कोण तयार होईल त्या कामाला?”

पेंगुळ्या भाताच्या ढिगाला खिडकी पाडत होता. भिंगरी उठली, मोरीवर जाऊन साबणानं हात धुऊन आली आणि आईबाबांच्या समोर उभी राहिली.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “सोमवार माझा. मंगळवार तुमच्यातल्या कोणाचा, ते तुम्ही दोघं आत्ताच ठरवा.”