सिकंदराची नाडी

सोनटेकडीच्या नगराध्यक्षांना क्रेनने हार घालायचं ठरलं, तेव्हा क्रेनवाल्याने आधी एकच गोष्ट विचारली. साहेबांचा फुगांक किती आहे?

त्याचंही बरोबर होतं. कायदाच तसा होता. फुगांक सत्तरच्या वर गेलेल्या माणसाला पाच किलोच्या वरचा हार घालायला बंदी होती. नव्वदच्या वर गेला तर माइक आपोआप बंद पडायचा. मागच्याच महिन्यात शेजारच्या गावात एका सभापतींचा माइक त्यांच्या स्वतःच्या नावाच्या मधोमध बंद पडला होता, आणि क्रेनवाल्याला भाडं अर्धंच मिळालं होतं.

स्टेजवरच्या पाटीवर नगराध्यक्ष दिनकरराव पोकळे यांचा आकडा लाल अक्षरात दिसत होता. चौतीस. साडेतीनशे किलो सफरचंदांचा हार हवेत उचलला गेला. अठ्ठेचाळीस. फुलं टाकणारे ड्रोन घोंगावत आले. छप्पन्न. "विकासपुरुष" अशी घोषणा झाली. एकसष्ट. आणि मग एकदम, टायरमधली हवा जावी तसा आकडा खाली आला. बावीस. त्याच क्षणी दिनकररावांचे जोडलेले हात सुटले आणि उजवा हात हळूच कमरेकडे गेला.

लोक म्हणाले, काय नम्र माणूस आहे. तिसऱ्या रांगेत बसलेल्या हणमंत झेलेने मात्र रुमालात तोंड लपवलं. हसू आवरत नव्हतं. त्या फुग्याला टाचणी लावणारा तोच होता.

आता हा फुगांक काय प्रकार आहे ते सांगायला हवं. माणसाचं कौतुक झालं की मेंदूत एक रसायन सुटतं. थोडं सुटलं की माणूस गालात हसतो. जरा जास्त सुटलं की स्वतःला "आम्ही" म्हणायला लागतो. आणि भरपूर सुटलं की मेंदूतला ओळखीचे चेहरे ओळखणारा कोपरा त्यात बुडून जातो, मग माणसाला जुने मित्र ओळखू येत नाहीत. पूर्वी लोकांना वाटायचं, हा मुद्दाम करतो. पुण्याच्या डॉ. तनुजा खांबेटे यांनी सिद्ध केलं की बिचाऱ्याला खरंच ओळख पटत नाही. या रसायनाचं शंभरपैकी माप म्हणजे फुगांक.

मोजायचं यंत्रही बाईंनीच काढलं. रुपयाएवढी चकती, कानामागे चिकटवायची. तिचं नाव कानकूज. आकडा साठच्या वर गेला की ती कानात कुजबुजायची, "आपणही एक माणूसच आहात." सरकारने कायदा केला, की कानकूज लावल्याशिवाय जाहीर सत्कार घ्यायचा नाही. पहिलं वर्ष मजेत गेलं. पुढारी स्टेजवर दचकायचे, लाजायचे, दोन हार परत करायचे. दुसऱ्या वर्षी त्यांना त्या कुजबुजीची सवय झाली, घरातल्या पंख्याच्या आवाजाची होते तशी. आकडे परत ऐंशीला भिडले. राज्यात तीस हजार निवडून आलेली माणसं, आणि त्यात सत्काराच्या वेळी आकडा खाली येणारा माणूस एकच. दिनकरराव पोकळे, सोनटेकडी.

म्हणून डॉ. खांबेटे एका गुरुवारी सकाळी बसस्टँडमागच्या "झेले मोबाईल व मिक्सर रिपेअरिंग" या दुकानात हजर झाल्या. नगरपरिषदेच्या सगळ्या कानकुजींची दुरुस्ती हणमंतकडे होती. त्यांनी दिनकररावांची चकती मागून घेतली, उघडली आणि कानाला लावली.

"दिन्या, नाडी," चकती म्हणाली.

बाईंनी तीनदा ऐकलं. मग चष्म्यावरून हणमंतकडे पाहिलं. कानकुजीत ढवळाढवळ केली तर दोन वर्षं आत. पण हणमंतची खरी भीती तुरुंगाची नव्हती. ही चकती गेली की दिन्या गेला, ही होती.

मग त्याने सगळं ओकून टाकलं. पाचवीच्या गॅदरिंगला नाटक होतं. दिन्या सिकंदर. हणमंत सिकंदराच्या घोड्याचे मागचे पाय. तपकिरी चादरीखाली वाकून उभा. सिकंदर घोड्यावर चढला, तलवार उपसली, "हे जग माझं आहे" म्हणाला आणि त्याच्या पायजम्याची नाडी तुटली. अख्खी शाळा हसायच्या आत हणमंतने चादरीतून एक हात बाहेर काढून पायजमा मागून घट्ट धरला. सिकंदराने जग जिंकेपर्यंत घोड्याने पायजमा धरून ठेवला होता.

असला दोस्त. पण नगराध्यक्ष झाल्यावर हणमंतच्या मुलाच्या लग्नाला आला, फेटा बांधून घेतला, फोटो काढले आणि यजमानाचा हात हातात घेऊन म्हणाला, "आपण कोण?" त्या रात्री हणमंतला जेवण गेलं नाही. महिन्याभराने साहेबांची चकती बॅटरी बदलायला दुकानात आली. त्याने सरकारी आवाज पुसला आणि आपला भरला. दोन दिवसांत दिनकरराव दुकानात आले, शटर अर्धं खाली ओढलं. हणमंतला वाटलं, संपलं. दिनकरराव फाटक्या रेक्झिनच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आवाज जरा कमी कर, लेका. दचकायला होतं." तेव्हापासून दर गुरुवारी ते मिसळ खायला यायचे.

हणमंतला वाटलं, बाई आता पोलिसांना फोन लावणार. बाईंनी पर्समधून एक पुस्तक काढलं. कव्हर गेलेलं, पानं पिवळी, आजोबांच्या शाळेतलं. ग्रीस आणि रोमच्या गोष्टी. त्यांनी सांगितलं, कानकुजीची कल्पना इथलीच. रोमचा सेनापती जिंकून आला की चार घोड्यांच्या रथातून त्याची मिरवणूक निघायची. सगळं शहर जयजयकार करायचं. आणि त्याच्या मागे, त्याच रथात, एक गुलाम उभा राहून कानात सांगायचा, असं म्हणतात, मागे वळून बघ, तू माणूस आहेस.

"मॅडम, एक विचारू?" हणमंत म्हणाला. भीती गेली की त्याची जीभ सुटायची. "तो रोम कुठे, सोनटेकडी कुठे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या माणसांचं आपल्याला काय?"

"तुमच्या त्या ड्रॉवरमध्ये काय आहे?"

ड्रॉवरमध्ये तेलाने माखलेलं एक मिक्सरचं मॅन्युअल होतं, वडिलांच्या काळातलं. हणमंत ते अजून वापरायचा, कारण त्या मिक्सरच्या मोटारीत कंपनीने कधी काही बदललंच नव्हतं. नुसता वरचा रंग बदलायचा.

"तेच," बाई म्हणाल्या. "फोन दर वर्षी नवा येतो. कवटीतलं मॉडेल तेच जुनं. त्या लोकांनी ते उघडून बघितलं, कुठे बिघडतं ते लिहून ठेवलं. फुकट मिळालंय, तर वापरायला नको?"

हे हणमंतला एकदम पटलं. मेकॅनिकच्या भाषेत सांगितलं की त्याला काहीही पटायचं. तो पुस्तक चाळायला लागला. एका चित्रात एक देखणा पोरगा तळ्यावर वाकला होता. मोबाईल पाण्यात पडला का याचा, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, ती ग्रीकांची वेगळी गोष्ट. हा पोरगा पाण्यात स्वतःचं रूप बघून त्यावरच भाळतो आणि तिथून हलतच नाही. एक मुलगी त्याच्यावर जीव टाकत असते, पण तिला शाप असतो, समोरच्याचेच शब्द परत म्हणायचे. म्हणजे त्याला त्याचंच ऐकू येतं. "ती आपल्या कामाची नाही," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. आपलं कुठे चुकलं ते त्यांना कळलं होतं. यंत्राचा आवाज यंत्राचा होता, आणि रथात माणूस हवा होता. माणूस इथे बसलेला होता.

मिसळीची वेळ झाली म्हणून दिनकरराव आले आणि त्यांना बेत कळला. हणमंतचा आवाज राज्यातल्या सगळ्या कानकुजींत भरायचा. "दिन्या" काढून टाकायचं, नुसतं "नाडी सांभाळ" म्हणायचं. महाराष्ट्रात असा पुरुष नाही ज्याला नाडीची कधी धास्ती वाटली नाही.

दिनकररावांनी पाव खाली ठेवला. "मॅडम, मला याचं बोलणं लागतं ते आवाजामुळे नाही हो. याने पायजमा धरला होता म्हणून लागतं. ज्याच्या कानात त्याचा दोस्त घाला."

"तीस हजार दोस्त कुठून आणू?" बाई म्हणाल्या. "आणि निम्म्यांना एकही उरलेला नसेल."

बेत ठरला तोच राहिला. हणमंतने मग मेकॅनिक म्हणून एक सूचना केली. आपण उघडली तशी चकती उद्या कोणीही उघडेल. तर तिला असं सील मारू की सत्कार चालू असताना ती निघणारच नाही. सील त्यानेच बनवलं. ते काढायची युक्तीही त्यालाच माहीत होती, दुसऱ्या कोणाला नाही. बाईंना हे फार सुरक्षित वाटलं.

आणि गंमत म्हणजे, जमलं. पहिल्या महिन्यात राज्याचा सरासरी फुगांक एकोणचाळीसवर आला. आमदार भाषणाच्या मध्येच कमरेला हात लावायचे. एका मंत्र्यांनी तर भर सभेत शाळेतल्या मास्तरांची माफी मागितली. लोक हणमंतला ओळखायला लागले. दुकानात गर्दी, बरोबर फोटो, कॉलेजात भाषण. भाजीवाली म्हणायची, झेलेभाऊ, एकदा म्हणा ना. तो म्हणायचा, नाडी सांभाळ. अख्खी मंडई हसायची.

एका गुरुवारी दिनकरराव मिसळ खायला आले तर दुकान बंद. दुसऱ्या गुरुवारी हणमंत होता, पण स्टूल बदललं होतं. "आम्ही जरा बिझी असतो सध्या," तो म्हणाला. दिनकररावांनी घास तोंडापाशीच थांबवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. हणमंतला वाटलं, जळतोय.

मग नगरपरिषदेने हणमंत झेले यांचा भव्य नागरी सत्कार ठरवला. मैदान तेच, क्रेन तीच. फ्लेक्सवर हणमंतचा चेहरा बारा फुटी, बाजूला कोपऱ्यात नगराध्यक्ष, पासपोर्ट साइजचे. कायद्याप्रमाणे त्याच्या कानामागे चकती लागली. सील त्याने स्वतःच मारलं, सगळ्यांना दाखवत दाखवत.

शाल आली. एकेचाळीस. नारळ. सत्तेचाळीस. निवेदक म्हणाला, ज्यांनी अख्ख्या राज्याला जमिनीवर आणलं असे. बासष्ट.

"नाडी सांभाळ," कानात आवाज आला.

हणमंत चमकला. तीस हजार कानांत त्याने हे वाक्य घातलं होतं, पण आपल्या कानात कधी ऐकलं नव्हतं. काय तो आवाज. काय तो ठसका. "नाडी"तला "ना" कसा हळूच सोडलाय, जणू खिशातून काढलेला पेढा. अशी माणसं पुन्हा होत नाहीत. अडुसष्ट.

"नाडी सांभाळ."

वा. चौऱ्याहत्तर.

"नाडी सांभाळ."

क्रेनवाल्याने हार खाली ठेवला आणि इंजिन बंद केलं. पहिल्या रांगेत डॉ. खांबेटे ताडकन उभ्या राहिल्या. त्या कोणाला तरी सांगत होत्या, आवाज त्याचाच आहे, तो बोलेल तेवढा चढत जाणार, ती चकती काढा कोणीतरी. कोणीतरी विचारलं, कशी काढायची? ते एकालाच माहीत होतं. आणि सत्कार संपल्याशिवाय ती आपोआप निघणार नव्हती, आणि सत्कारमूर्ती बोलायचे थांबल्याशिवाय सत्कार संपत नव्हता.

सत्कारमूर्ती नुकतेच बोलायला उभे राहिले होते.

एक्याण्णवला माइक गेला. हणमंत बोलतच राहिला. आमच्यासारख्यांना माइक लागत नाही, हे त्याने समोरच्या जनतेला समजावून सांगितलं. चष्मेवाली एक बाई स्टेजवर चढून आली आणि तिने एक पिवळं पुस्तक त्याच्या नाकासमोर धरलं. चित्रात एक पोरगा तळ्यावर वाकला होता.

"छान आहे," हणमंत कौतुकाने म्हणाला. "आमच्यासारखाच दिसतो." कानात त्याचाच आवाज गोड गोड घुमत होता आणि पाटीवर अठ्ठ्याण्णव होते.

बाईंच्या मागून आणखी एक माणूस आला. पांढरा शर्ट, टक्कल, डोळे भरलेले. कार्यकर्ता असावा. तो हणमंतच्या मागे जाऊन उभा राहिला, एका हाताने त्याची पँट कमरेपाशी मागून घट्ट धरली आणि मोकळ्या कानाशी वाकून म्हणाला, "हणम्या. घोड्याचे मागचे पाय. आठव."

हणमंत थबकला. घोडा, चादर, कसलासा अंधार, असं काहीतरी आत कुठेतरी हललं. पण तेवढ्यात दुसऱ्या कानात तो सुंदर आवाज परत आला, आणि ते जे काही हललं होतं ते निपचित झालं.

त्याने मान वळवली. माणूस सज्जन दिसत होता. सज्जनांशी मोठ्या माणसाने अदबीनेच बोलावं. हणमंतने त्याचा मोकळा हात हातात घेतला, कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि विचारलं,

"आपण कोण?"