बॅग कुणी भरली?

फोन शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास आला. नीरजा मशीनमधून ओले कपडे काढत होती. नंबर अनोळखी, हातभर लांब.

हृषिकेशच होता. पण इंग्रजीत बोलत होता. लग्नाला अकरा वर्षं झाली, बायकोशी तो कधी इंग्रजीत बोलला नव्हता. भांडतानासुद्धा नाही.

"नीरजा, आय ॲम ओके. आय मेड अ मिस्टेक. आय पॅक्ड माय बॅग मायसेल्फ. नोबडी एल्स टच्ड इट. प्लीज टेल एव्हरीवन."

"हृषी, अरे कुठे आहेस तू? जेवतोयस ना? हृषी!"

मागे कुणीतरी खाकरलं. फोन बंद. सगळं मिळून चाळीस सेकंद.

ओली चादर तशीच हातात धरून ती स्वयंपाकघरात आली. टेबलाशी तिचे वडील, पद्माकर, कोथिंबीर निवडत बसले होते. मुंबई विमानतळावर कस्टम्समध्ये एकतीस वर्षं काढून रिटायर झालेले, आता तीन महिन्यांसाठी लेकीकडे सिडनीजवळच्या ब्लॅकटाउनला आलेले.

"शब्द न् शब्द सांग," ते म्हणाले. "तुझं रडणं नंतर."

तिने सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, पण हृषीने जन्मात कधी स्वतःची बॅग भरलेली नाही हो!"

पद्माकरांचे हात कोथिंबिरीवरच थांबले.

झालं होतं ते असं. हृषिकेश, विक्रांत आणि श्रीनिवास हे तिघे सिडनीत युनिव्हर्सिटीत असल्यापासूनचे दोस्त. चाळिशी जवळ आली तशी त्यांना हुक्की आली, की जगात जिथे कुणी जात नाही तिथे जायचं. लोक अशा वेळी बालीला जातात. हे तिघे गेले दारं लावून बसलेल्या एका देशात. आठ दिवसांची टूर, सोबत सरकारी गाइड, ठरलेल्या खिडकीतून ठरलेला देखावा. त्या देशाचं नाव या घरात आता कुणी घेत नाही, म्हणून इथेही नको. गेल्या मंगळवारी परत आले ते दोघेच. टूर कंपनीची एका ओळीची ईमेल आली: राष्ट्रनेत्याच्या प्रतिमेचा अवमान केल्याबद्दल तिसऱ्या प्रवाशाला विमानतळावर थांबवण्यात आलं आहे.

थांबवण्यात आलं आहे! जणू बस चुकली.

त्यात पासपोर्ट भारतीय. हृषिकेश इथला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी होता, सिटिझनशिपची परीक्षा पास झाला होता, समारंभाची तारीख तेवढी यायची होती. त्यामुळे इथल्या सरकारी फोनवरची बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, की आय ॲम सो सॉरी, तो आमचा नागरिक नाही. मग आपल्या भारतीय वकिलातीच्या कचेरीत फोन. तिथले अधिकारी भले गृहस्थ होते, रोज फोन उचलायचे. पण त्या देशात त्यांचाही माणूस नव्हता. शेजारच्या देशातून पत्र जायचं, आणि पत्राला उत्तर येत नव्हतं.

दुपारी श्रीनिवास आला. वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारा, शांत, टापटिपीचा माणूस. हृषिकेशची पाठीवरची छोटी सॅक त्याच्याकडे राहिली होती, ती द्यायला. चार दिवसांत तो निम्मा झाला होता.

"बस," पद्माकर म्हणाले. "नीरजा, चहा टाक."

"नको काका, शिफ्टला जायचंय."

"शिफ्टला पोचशील. मला सांग, हृषीला अडवलं तेव्हा तू कुठे होतास?"

"मी पुढे गेलो होतो. गेटपाशी."

"काही पाहिलंस?"

"नाही."

"ऐकलंस?"

"नाही, काका." त्याने चष्मा काढला, पुसला. "मला वाटतं विक्रांतच्या शूटिंगमुळे झालं. नको तिथे कॅमेरा काढायचा. गाइड तीनदा ओरडली होती त्याला."

नीरजा फणकारली. "मला माहीतच होतं! त्याच्या त्या मेल्या व्हिडिओ चॅनलपायी माझा नवरा तिकडे..."

पद्माकरांनी सॅक उघडली. जुनी सवय. चार्जर, सनस्क्रीन, अर्धा खाल्लेला खाकऱ्याचा पुडा. तळाशी एक पुडकं. हॅरिस पार्कच्या दुकानांत फुकट मिळणाऱ्या देशी साप्ताहिकाच्या पानात गुंडाळलेल्या रबरी चपला. चारी कोपरे आत दुमडलेले, वर रबरबँड. त्यांनी ते पुडकं उलटसुलट पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं.

"हॉटेलात तुम्ही एकाच खोलीत होतात?"

"मी आणि हृषी. विक्रांत वेगळा. तो घोरतो."

"बरं. नीट चालव गाडी."

रविवारी सकाळी पद्माकर ट्रेनने पॅरामॅटाला उतरले आणि चालत हॅरिस पार्कला गेले. विक्रांत एका मिठाईच्या दुकानाबाहेर बसला होता. समोरची जिलेबी गार झालेली. त्याने चॅनल बंद करून टाकलं होतं, तरी लोक त्याला शिव्या देत होते. ओळखीची माणसं पलीकडच्या फुटपाथवरून जात होती.

"काका, आईशप्पथ सांगतो, माझ्या व्हिडिओमुळे नाही. त्यांनी माझा फोन घेतला, दहा मिनिटं चाळला, चार क्लिप डिलीट केल्या आणि परत दिला. म्हणाले, हॅव अ नाइस फ्लाइट."

"पहिल्यापासून सांग. शेवटची सकाळ."

"साडेसातला बस. मी आणि हृषी सातपासून खाली नाश्त्याला. तुम्हाला माहितीये त्याचं, ताटावरून उठेल तर शपथ. श्रीनी वर होता, शेवटच्या दहा मिनिटांत दोघांच्या बॅगा घेऊन खाली आला."

"विमानतळावर?"

"तिथे सगळं नंबराने, काका. ग्रुप व्हिसाचा एकच कागद असतो, त्यावर मी एक, हृषी दोन, श्रीनी तीन. आठ दिवस बसमध्ये चढायचं तर त्याच नंबराने. मी एकटा आत गेलो तर ओरडले, म्हणे दोन कुठाय? पासपोर्टलाही तसंच. मी काचेपलीकडे गेलो, वळून बघतो तर हृषीला बाजूला घेतलेलं. आतून त्याची बॅग तपासून दोघं जण आले. एकाच्या काखेत हृषीचे बूट. दुसऱ्याच्या हातात ट्रे, ट्रेमध्ये पांढरं कापड, त्यावर काहीतरी चुरगळलेलं. दोन्ही हातांनी धरलेला, पूजेचं तबक आणावं तसा."

"तुला वाटलं बुटात काही सापडलं."

"हो. ड्रग्ज वगैरे. पण हृषी आणि ड्रग्ज? त्याला क्रोसीन घ्यायची भीती वाटते!" विक्रांतचे डोळे भरले. "काका, जाऊया ही आयडिया माझीच होती. लोक खोटं नाही बोलत."

"गाइडने नियम काय सांगितले होते?"

"ढीगभर. पुतळ्याचा फोटो अर्धा काढायचा नाही. पुतळ्याकडे बोट दाखवायचं नाही. हॉटेलात रोज पेपर टाकायचे, तोही घडी घालायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही. प्रत्येक अंकात साहेबांचा फोटो असतो ना."

पद्माकर उठले. जिलेबीचे पैसे त्यांनीच दिले, आणि जाता जाता, कधी नव्हे ते, त्या थोराड मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी पाच वाजता त्यांनी श्रीनिवासला बोलावून घेतलं. नीरजा समोर बसली. पद्माकरांनी एक कागद काढला. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात लिहिलेला, पंचनाम्यासारखा.

"मी बोलतो. चुकलो तर थांबवा," ते म्हणाले. "व्हिडिओ हे कारण नाही. तसं असतं तर विक्रांत आत असता. धरलं बॅगेवरून. आता बॅगेत काय? बुटात माल सापडला की आम्ही काय करायचो? बूट ट्रेमध्ये आणि गुंडाळलेला कागद कचऱ्यात. तिथे उलटं झालं. बूट काखेत आणि कागद ट्रेमध्ये, कापडावर. म्हणजे मुद्देमाल बूट नव्हता. मुद्देमाल कागद होता."

नीरजाला कळेना. "कसला कागद?"

"वर्तमानपत्राचा. त्यांच्या नेत्याचा फोटो असलेल्या. त्यात कुणीतरी बूट गुंडाळले होते."

"हृषी? तो तर चिखलाचे बूट तसेच मी भरलेल्या शर्टांवर कोंबतो! मी कितीदा..."

"तेच. तो जन्मात बूट गुंडाळायचा नाही. पण त्याच्या सॅकमध्ये चपला मिळाल्या, त्या कशा होत्या? कोपरे दुमडून, रबरबँड लावून. लॅबमध्ये सँपल बांधावं तशा." पद्माकर श्रीनिवासकडे वळले. "खोलीत तू एकटा होतास. दोन्ही बॅगा तू खाली आणल्यास. सिडनीहून नेलेली पानं चपलांना संपली, म्हणून हॉटेलचा पेपर घेतलास. बरोबर?"

श्रीनिवासने मान खाली घातली.

"नियम ठाऊक असून?" नीरजा किंचाळली. "का रे, का?"

"गणपती," तो म्हणाला.

"काय?"

"तू लाल फडक्यात बांधून दिलेला चांदीचा गणपती. हृषीने रात्री बॅगेत सगळं कोंबलं होतं, आणि बूट नेमके गणपतीवर. मला बघवेना. देवाला पायताण लागतंय, नीरजा! बस सुटायला दहा मिनिटं. माझे हात आपोआप चालले. मी पहिलं पान घेतलं नाही गं, आतलं घेतलं, शेतीचं. ट्रॅक्टर होते. उलट बाजू पाहिलीच नाही."

आपल्या देवाला बूट लागू नयेत म्हणून त्याने ते दुसऱ्यांच्या देवाच्या तोंडाला बांधले होते. आणि गणपती बॅगेत घातला होता नीरजाने.

"ही चूक झाली," पद्माकर म्हणाले. "चुकीबद्दल मी तुला काही म्हणणार नाही, माझ्या हातूनही झाली असती. पण तू मला सांगितलंस, मी पुढे गेलो होतो, गेटपाशी. तुझा नंबर तीन. दोनच्या आधी तिथे तिसऱ्याला कुणी सोडत नाही. तू हृषीच्या मागे उभा होतास. हाताच्या अंतरावर."

श्रीनिवास आता उघड रडत होता.

"त्यांनी त्याला काय विचारलं?"

"डिड यू पॅक धिस बॅग युवरसेल्फ."

"आणि तो?"

"लगेच येस म्हणाला. विचारच केला नाही."

"जगातल्या सगळ्या विमानतळांवर हेच विचारतात, आणि सगळे प्रवासी हेच उत्तर देतात," पद्माकर म्हणाले. "मी लाखभर वेळा ऐकलंय. ज्याची बॅग बायकोने भरली तोही हो म्हणतो. मग?"

"मग त्यांनी कागद उलगडला. हृषीने तो पाहिला. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. काका, तो काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. मी... मी पासपोर्टकडे बघायला लागलो. त्यांनी मला हाताने पुढे जा म्हणून खूण केली, आणि मी गेलो."

नीरजा उठली. तिने त्याच्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "किती वेळ होता तुझ्याकडे?"

"एखादं मिनिट."

"एक मिनिट," ती म्हणाली. "ठीक आहे. आता लिही. इंग्लिशमध्ये लिही, की तू गुंडाळलेस, तुला माहीत नव्हतं, हृषीचा संबंध नाही. आत्ता लिही. मी कचेरीत पाठवते, पेपरला देते, सगळीकडे देते!"

"लिहितो. मी तिकडे परत जायलाही तयार आहे."

"नको," पद्माकर म्हणाले.

नीरजा त्यांच्याकडे वळली. "बाबा?"

"कालचा फोन आठव. मीच भरली, कुणी हात लावला नाही, सगळ्यांना सांग. तो बोलत नव्हता, वाचत होता. त्याचा जबाब झालाय, सही झालीय. आता इथून कागद गेला की बॅग दुसऱ्यानेच भरली होती, तर हृषी सुटत नाही. हृषी खोटं बोलला असं होतं. परकी माणसं दोन, म्हणजे ठरवून केलेला अपमान. आता एक चूक आहे. मग कट होईल." त्यांना धाप लागली होती. "मी एकतीस वर्षं असे जबाब घेतलेत. मागाहून आलेलं खरं कुणाच्या कामी आलेलं पाहिलं नाही. आणि आपल्याकडे निदान कोर्ट होतं."

"मग मी काय करू?" श्रीनिवासने विचारलं.

"काही नाही. कुणाजवळ बोलायचं नाही. बायकोजवळसुद्धा."

आणि तेव्हा, अगदी निमिषभर, श्रीनिवासचे खांदे सैल पडले. त्याचं त्यालाही कळलं नसेल. पण नीरजाने पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जा माझ्या घरातून."

तो गेला. गाडी सुरू व्हायला बराच वेळ लागला.

पद्माकर तो कागद हातात धरून बसले होते. इतका पक्का तपास त्यांनी नोकरीतही केला नव्हता. सगळे दुवे जुळलेले, गुन्हेगार कबूल, आणि उपयोग शून्य.

"बाबा, तो फाडा," नीरजा म्हणाली. "विक्रांतलाही सांगायचं नाही. लोक त्याला शिव्या देतायत तर देऊ देत."

त्यांनी फाडला. आधी दोन, मग चार, मग बारीक तुकडे. एकही तुकडा जमिनीवर पडू दिला नाही.

सोमवारी नऊला कचेरीतल्या अधिकाऱ्यांचा फोन आला. चौकशीसाठी नवी टिपणी पाठवायची होती म्हणे.

"मॅडम, कुछ नया पता चला? कोई भी छोटी बात?"

नीरजाने वडिलांकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"नहीं सर," ती म्हणाली. "कुछ भी नहीं."