चाळिसावा पंखा

ग्रंथपालांच्या उजव्या तळहाताला पट्टी होती, म्हणून लॅपटॉपची पिशवी त्यांनी डाव्या हातानं टेबलावर ठेवली. सोबतची तरुण प्रोग्रामर उभीच राहिली.

"पाच वाजता वाचनालयाची कमिटी बसतेय," ती म्हणाली. "माझ्या कामावर फुली मारली की वाचनालयाचे चाळीस लॅपटॉप भंगारात. आणि माझं नावही."

वहिनींनी तिला खुर्ची दिली. खासगी तपासात त्यांची वीस वर्षं गेली होती. त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, वही उघडून बसले. टिपणं भाऊजींची, शोध मात्र दर वेळी वहिनींचा. हे भाऊजींना मनातून सलत असे.

"मला कळेल असं सांग," वहिनी प्रोग्रामरला म्हणाल्या.

"या मॉडेलच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कंपनीनं मशीनच्या पोटात घातलेल्या मूळ प्रोग्राममध्ये, चूक आहे. लॅपटॉप झोपेतून जागा झाला की पंखा बंदच राहतो आणि फर्मवेअर सांगतं, चालू आहे. कंपनी दाद देईना. म्हणून मी ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही सुधारता येणाऱ्या, ऑपरेटिंग सिस्टीममध्ये वीस ओळी घातल्या. सिस्टीम आधी मॉडेलचं नाव विचारते. हे नाव आलं, की फर्मवेअरवर विश्वास ठेवायचा नाही, पंखा आपणच फिरवायचा."

"मग हात कसा भाजला?"

"एकोणचाळीस नीट चालले," ग्रंथपाल म्हणाले. "हा तापतच गेला. बॅटरी फुगली, ती उपटताना भाजलं. तेव्हापासून मशीन माझ्या कपाटात, कुलपात. कुणी पुन्हा सुरू केलेलं नाही."

"त्याआधी?"

"आठवडाभर सगळे आमच्या दुरुस्तीच्या दुकानात होते," प्रोग्रामर म्हणाली. "तिथं माझी थोरली बहीण ताई, मी आणि माझा नवरा, तिघंच असतो. माझंच चुकलं असेल हो. शंभरदा वाचलं, पण चूक सापडत नाही."

दुकानात तिचा नवरा पार्सलं बांधत होता.

"पंख्यात धूळ गेली असेल," तो म्हणाला. "खरं सांगू? क्षणभर बरं वाटलं मला. सहा महिने घरात सवत नांदतेय. जेवताना लॅपटॉप, बोलताना लॅपटॉप. पण बायकोला रडवणारा मी नव्हे."

"ही लाल पेनड्राइव्ह?"

"मदरबोर्ड बदलला की मशीनचं नाव-नंबर त्यात पुन्हा लिहायला लागते म्हणे. इथंच पडलेली असते."

आतल्या खोलीत ताई भिंगाखाली सोल्डरिंग करत होती.

"हुशारच आहे ती," मान वर न करता ताई म्हणाली. "दोन वर्षं मी या पंख्यांचा वेग मोजला, कंपनीला एकेचाळीस पत्रं लिहिली. तिनं आठवड्यात वीस ओळी लिहिल्या. आता गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं राहून विचारतं, त्या मॅडम कुठं आहेत?"

"ओळी चुकल्या का तिच्या?"

"ओळी बरोबर आहेत. पण ज्या मशीनचं नावच कोरं, त्याला त्या ओळखणार कशा? हे तिला आधी सुचायला हवं होतं."

बाहेर येताच भाऊजी कुजबुजले, "नवराच! सवत म्हणाला, मी लिहून घेतलंय."

"छान. आता ताईंचं शेवटचं बोलणं वाचा."

भाऊजींनी वाचलं. "बरोबरच आहे की!"

"म्हणूनच तर," वहिनी म्हणाल्या.

चार वाजता वाचनालयाच्या तळमजल्यावर सगळे जमले. वहिनींनी लॅपटॉप नुसत्या चार्जरवर लावला. प्रोग्रामरनं मॉडेलचं नाव विचारणारी आज्ञा दिली. उत्तराची ओळ रिकामी आली.

"नाव पुसलंय कुणीतरी!" ती ओरडली.

"लाल पेनड्राइव्हनं. ती तिघांच्याही हाताशी होती," वहिनी म्हणाल्या. "पण हिला चूक सापडेना आणि हिचा नवरा धुळीवर घसरला. ताई, तुम्ही मात्र थेट सांगितलंत, नाव कोरं. अपघातानंतर हे मशीन आत्ता पहिल्यांदा सुरू झालं. मग ते तुम्हाला कुठं दिसलं?"

"अंदाज होता माझा."

"नाव जुळलं नसेल, असं म्हणाला असतात तर तो अंदाज. कोरं आहे, हे पुसणाऱ्यालाच ठाऊक."

ताईनं ओठ आवळले. मग बहिणीकडे न बघता बोलू लागली.

"कुणाला भाजावं असं नव्हतं मनात. तापून बंद पडेल, चारचौघांत तिची फजिती होईल, एवढंच. त्या ओळींखाली आभार लिहितात. तिनं तीन परक्यांची नावं घातली. मोजमाप सगळं माझं! रोज ते पान उघडून बघायचे मी. रोज."

धाकटीचा चेहरा उतरला.

"तुझं नाव राहिलं, हे चुकलंच माझं," ती म्हणाली. "आजच लिहिते. पण आधी तू कमिटीला सांग, माझ्या ओळींमुळं झालं नाही म्हणून. तुझ्या तोंडून."

ताईनं ग्रंथपालांच्या हाताकडे पाहिलं. "तुमची माफी कशी मागू?"

"आधी वर कमिटीपुढं चला," ते म्हणाले.

दाराशी ताई थांबली. "तू येतेस ना?"

"नाही," धाकटी म्हणाली. "तू माझ्याविषयी चांगलं बोलताना मला आज ऐकवणार नाही."

ताई जिना चढू लागली. ग्रंथपाल तिच्या मागून, दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून.