राखेच्या खड्ड्याजवळचा रूळ

दातांच्या कवळ्या बनवणं हा माझा धंदा. केसाएवढा फरकही माझ्या बोटांना कळतो. तरी बाबांच्या तोंडून ‘जमलं’ हा शब्द मी आजवर ऐकलेला नव्हता. बाबा इंजिन शेडमधले निवृत्त फिटर. शेड पाडली, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांची नजरही गेली. म्हणून मी मागच्या खोलीतल्या टेबलावर त्या शेडचं मॉडेल करायला घेतलं. डोळ्यांनी नाही, निदान बोटांनी तरी त्यांना ती पुन्हा बघता यावी.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. बाबांनी रुळावरून बोट फिरवलं.

“हा मेन लाइनचा रूळ. शेडला असा कोण देतो? आमच्याकडे तिथून काढलेला झिजलेला माल यायचा.”

“दुकानात हाच मिळतो, बाबा.”

“मग शेड कशाला म्हणतेस? खेळणं म्हण.”

झालं, सगळा उखडला. कमी उंचीचा, बारीक रूळ शोधून आणला. कानशीने त्याचा माथा झिजवला, रुळाखालचे आडवे स्लीपर थोडे वेडेवाकडे टाकले आणि राख म्हणून करड्या प्लास्टरमध्ये जवळजवळ बुडवले. चाकं फिरतात तो रूळ चमकतो, पडून असतो तो गंजतो. माझ्याकडे इंजिन एकही नव्हतं, म्हणून तिन्ही लाइनींना प्रामाणिकपणे गंजाचा रंग दिला.

दुसऱ्या सकाळी तिसरी लाइन खचलेली होती, बरोबर इंजिनातली राख पाडायच्या खड्ड्याशी. उचलली, मोजली, चिकटवली. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. खालची फळी ठणठणीत होती.

“टेबलच बदल ना,” नवरा म्हणाला.

टेबल बदललं. तरीही लाइन खचली. शिवाय या वेळी खड्ड्यापर्यंतचा गंज उडून रूळ लख्ख झाला होता.

“तू घासलास?”

“मी? त्या खोलीत मी हल्ली पाऊलही टाकत नाही.” तो हसला नाही.

मीही मग रुळाला हात लावला नाही. दुपारी बाबांना आणून उभं केलं.

त्यांचं बोट तिसऱ्या लाइनीवरून सरकत गेलं. खड्ड्याशी थांबलं.

“इथे खचलाय.”

“हो.”

“इथेच खचायचा. राख पाडायला इंजिनं इथेच उभी राहायची. किती वेळा उचलला असेल मी! तुला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही.”

बाबांनी त्या खचलेल्या जागेवरून बोट पुन्हा एकदा फिरवलं.

“जमलं गं, पोरी.”

मला जग जिंकल्यासारखं वाटलं. त्रेपन्न वर्षांची बाई मी, टेबलाला धरून हमसून रडले, मग हसले. नवऱ्याला ओढत आणलं आणि बाबांकडून त्याच्यासमोर तो शब्द पुन्हा वदवून घेतला.

ते दोघे चहाला गेले. मी मॉडेलवर कापड टाकायला मागे राहिले.

खड्डा मी रिकामा ठेवला होता. आता त्यात चिमूटभर राख होती.

मी बोट लावलं.

चटका बसला.